'लार्जां' (१९२८) : तेल, विमान आणि दोन बँकवाल्यांचं वैर

केतकी_म

मूकपटांवरचे इथले धागे बहुतेक चॅप्लिन, कीटन आणि 'मेट्रोपोलिस'पाशी येऊन थांबतात. त्यांच्या पंगतीत बसावा असा एक फ्रेंच मूकपट आपल्याकडे जवळजवळ कुणाच्या बोलण्यात येत नाही, म्हणून हा धागा. मार्सेल लर्बिए या दिग्दर्शकाचा १९२८ चा 'लार्जां'. म्हणजे पैसा. एमिल झोलाच्या याच नावाच्या कादंबरीवर (१८९१) तो बेतलेला आहे. कादंबरीचा काळ तिसऱ्या नेपोलियनचा. लर्बिएने तो उचलून थेट आपल्या काळात, १९२० च्या दशकातल्या पॅरिसमध्ये आणला. कादंबरीत मध्यपूर्वेतले रेल्वेमार्ग, जहाजकंपन्या आणि चांदीची खाण आहे. चित्रपटात त्या जागी तेल आलं आणि विमान आलं.

पुढे पूर्ण कथा सांगते आहे. आधी चित्रपट पाहायचा असेल तर इथेच थांबा.

साकार हा युनिव्हर्सल बँकेचा प्रमुख. देहाने आडवातिडवा, आवाज ऐकू येत नसूनही मोठ्याने बोलतोय असं वाटणारा. त्याचा प्रतिस्पर्धी गुंडरमान: सडपातळ, थंड, तेलाच्या धंद्यावर पकड असलेला. सुरुवातीलाच गुंडरमान बाजारात अशी खेळी करतो की साकार जवळजवळ बुडतो. काल हात मिळवणारे लोक उपाहारगृहात त्याच्याकडे पाहीनासे होतात. अशा वेळी त्याला हामलँ भेटतो. हामलँ वैमानिक आहे, धाडसी प्रवासी आहे. फ्रेंच गयानात तेल असलेल्या जमिनीवर त्याने हक्क मिळवून ठेवला आहे आणि त्याच्याकडे पैसा नाही. साकार त्याला बँकेचा उपाध्यक्ष करतो. जाहिरातीसाठी हामलँने एकट्याने अटलांटिक ओलांडून गयानाला उडत जायचं, असं ठरतं. विमान आकाशात आणि शेअर आकाशात.

मग विमान कोसळल्याची बातमी पसरते. खरं काय ते साकारला ठाऊक असतं, तरी तो तोंड उघडत नाही. भाव गडगडू देतो, पडत्या भावात माल उचलतो आणि हामलँ सुखरूप असल्याचं जाहीर झालं की तोच शेअर उसळतो. तिकडे गयानात उन्हाने आणि आजाराने हामलँची दृष्टी जायला लागते. समोर ठेवलेल्या कागदावर काय लिहिलंय हेही नीट दिसत नाही, तरी सह्या करत राहतो. इकडे पॅरिसमध्ये साकारचा डोळा त्याच्या बायकोवर, लीनवर. चेकबुक, घर, कपडे देऊन तो तिला कर्जात अडकवतो. साकारची पूर्वीची प्रेयसी बॅरोनेस सँडॉर्फ गुंडरमानला आतल्या बातम्या पुरवते. गुंडरमानने गुपचूप युनिव्हर्सलचे ढीगभर शेअर जमवलेले असतात, आणि एके दिवशी तो ते सगळे बाजारात ओततो. बँक संपते. साकार आणि हामलँ दोघांनाही अटक होते. खटल्यात हामलँ सुटतो, साकारला कैद होते. आणि तुरुंगात साकार काय करतो? पहारेकऱ्याला नवी योजना समजावून सांगतो!

मला या चित्रपटाबद्दल मुख्य जे म्हणायचंय ते असं. या भांडणाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. जमीन आहे, तिच्याखाली तेल आहे, ते काढायला गेलेला एक माणूस आहे. पण पॅरिसमध्ये पोचेपर्यंत या सगळ्याचा फक्त भाव उरतो. हामलँ मेला असं वाटलं की भाव खाली, जिवंत आहे कळलं की वर. त्याचे डोळे जातायत याचा भावावर काहीही परिणाम नाही, कारण ते कुणाला कळलेलंच नाही. पैशाच्या विरोधात चित्रपट पुष्कळ झाले. त्यांत लोभी माणूस दाखवतात आणि तेवढ्यावर थांबतात. लर्बिए यंत्रणा दाखवतो. साकारच्या जागी सज्जन माणूस असता तरी ती अशीच चालली असती, हे त्याने १९२८ मध्ये ओळखलं होतं.

आणि ते त्याने कॅमेऱ्याने सांगितलं. पॅरिसचा शेअरबाजार, म्हणजे बूर्स, सुट्टीत बंद असताना तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला. सुमारे दीड हजार माणसं, पंधराच्या आसपास कॅमेरे. एक कॅमेरा घुमटाला दोराने टांगलेला. मधल्या गोल कठड्याभोवती दलाल ओरडतायत, वरून कॅमेरा गरगरत खाली येतोय आणि त्यालाच जोडून विमानाचं उड्डाण. पंखा फिरतोय, माणसं फिरतायत. एकदा हे, एकदा ते, एकदा हे. मूकपट आहे हे काही मिनिटं विसरायला होतं. छायाचित्रण जूल क्रुगरचं. आबेल गान्सच्या 'नेपोलियन'चं छायाचित्रणही प्रामुख्याने त्याचंच.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी जरूर लिहा. ज्यांनी नाही पाहिला त्यांच्या प्रश्नांना जमेल तशी उत्तरं देईन.

---

निळावंती

वाचनखूण साठवली. या शनिवारी पाहते आणि मग लिहिते.

---

सह्यकडा

उत्तम धागा. एक प्राथमिक प्रश्न आहे, कारण शेअरबाजारातलं मला काही कळत नाही. गुंडरमानने युनिव्हर्सलचे शेअर स्वतःच विकत घेतले होते ना? मग ते कवडीमोलाने विकून त्याचंही नुकसान झालंच असणार. स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याला बुडवण्यात कसला फायदा?

---

फोर्टवाला

@सह्यकडा, याचं उत्तर मी देतो. माझी उमर दलाल स्ट्रीटवर गेली, रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या मैदानात, उभा राहून सौदे केलेत. १९९५ मध्ये संगणक आला आणि रिंग बंद झाली, तोवर आमचंही काम असंच आरडाओरड्याचं आणि हाताच्या खुणांचं होतं.

त्या काळी पॅरिसमध्ये मोठा व्यवहार वायद्याचा असे. आज सौदा करायचा, पैसे आणि माल ठरलेल्या हिशेबाच्या दिवशी. तेव्हाही द्यायचे नसतील तर व्याज भरून सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायचा. आपल्याकडे याला बदला म्हणत. यामुळे होतं काय, की हातात थोडे पैसे असलेला माणूस त्याच्या कितीतरी पट माल घेऊन बसतो. भाव वर जात असेपर्यंत सगळे खूश. भाव पडला की फरकाचे पैसे रोख भरावे लागतात, ते नसले की माल विकावा लागतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो.

आता साकारची बँक. असा तेजीवाला आपला शेअर पडू नये म्हणून बँकेच्याच पैशाने बँकेचेच शेअर उचलत असतो. बाहेरून वाटतं मागणी आहे. खरं तर विकत घेणारा एकच, तो स्वतः. अशा माणसाला मारायचं तर त्याच्याकडची रोकड संपेपर्यंत माल ओतत राहायचं. त्याने घेणं थांबवलं की खाली जमीनच नाही.

गुंडरमानचं नुकसान म्हणाल तर, त्याने आधी स्वस्तात घेतलेला माल होता. पहिला बराच माल तर त्याने चढ्या भावातच विकला असणार, कारण सुरुवातीला साकार तो उचलत होता! शेवटच्या थोड्या मालावर तोटा आला असेल तरी तेलाचं मैदान मोकळं झालं. त्याच्यापुढे तो तोटा काहीच नाही. मोठा मंदीवाला असाच विचार करतो.

केतकीताई, तुमच्या धाग्यामुळे चित्रपट पाहिला. कठड्याभोवतीची ती धक्काबुक्की अगदी खरी आहे. एक गोष्ट विशेष आवडली. भाव पडतो तेव्हा सगळे चेहरे एकदम बदलत नाहीत. बातमी लाटेसारखी सरकत जाते, आधी कडेचे, मग मधले. रिंगमध्ये उभं राहिलेल्यालाच हे माहीत असतं.

---

केतकी_म

@फोर्टवाला काका, हे तुमच्याखेरीज कुणीच लिहू शकलं नसतं. मनापासून आभार. चेहऱ्यांबद्दलचं निरीक्षण वाचून तो प्रसंग परत पाहिला. तुम्ही म्हणता तसंच आहे.

---

जुना वाचक

चित्रपट चांगला आहे, पण झोलावर अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे, आणि ते तेव्हाही अनेकांचं होतं. आंद्रे आंत्वान हे मोठं नाव. झोलाच्या वास्तववादाला रंगभूमीवर आणणारा माणूस, ज्याने १९२१ मध्ये झोलाच्या 'ला तेर'वर चित्रपटही केला. त्याने या काळबदलावर जाहीर टीका केली होती. आणि ती मला पटते.

कादंबरीमागे एक खरी घटना आहे. युन्यों जेनेराल नावाची बँक होती, तिचा प्रमुख बोंतू. कॅथलिक कुटुंबांच्या ठेवी आणि आशीर्वाद घेऊन ती वर आली. पाचशे फ्रँकचा शेअर १८८१ च्या अखेरीस तीन हजारांच्या वर गेला आणि जानेवारी १८८२ मध्ये बँक कोसळली. वर फोर्टवाल्यांनी सांगितलं तेच, बँक स्वतःचेच शेअर उचलत होती. त्या मंदीत ज्यांच्या दलालीच्या नोकऱ्या गेल्या त्यांत पॉल गोगँ होता, आणि मग तो पूर्णवेळ चित्रकार झाला. झोलाने हे सगळं बूर्समध्ये जाऊन, टिपणं काढून, माणसांना विचारून लिहिलं. त्याने काळ थोडा मागे नेला, कारण त्याची वीस कादंबऱ्यांची मालिकाच तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीवर होती. 'लार्जां' त्यातली अठरावी.

पण कादंबरीचा जीव कशात आहे? लहान माणसांत. आपली अब्रू झाकून जगणारी गरीब झालेली सरदार मायलेकींची जोडी, मुलीच्या हुंड्यासाठी शेअर धरून बसलेला बँकेतला शिपाई, क्षयाने खोकत मार्क्स वाचणारा सिगिस्मोंद. बँक बुडते तेव्हा ही माणसं बुडतात. चित्रपटात त्यांच्या वाट्याला तेवढी जागा नाही. दोन मोठ्या माणसांची झुंज पुढे आली आणि बाकीचे गर्दी झाले. शिवाय कादंबरीतली कारोलीन ही हामलँची बहीण, शहाणी, सगळं पाहिलेली, साकारवर प्रेम करूनही त्याला ओळखून असलेली. तिच्या जागी ही लीन, जिला चेकबुक कसं वापरायचं तेही कळत नाही.

---

रेवा

लीनबद्दल @जुना वाचक यांच्याशी शंभर टक्के सहमत. पूर्वार्धात ती नुसती घाबरते आणि रडते. मेजवानीच्या रात्री ती पिस्तूल उचलते तेव्हा पहिल्यांदा जिवंत वाटते, आणि तिथेही सँडॉर्फ येऊन तिचा हात अडवते.

सँडॉर्फ मात्र काय आहे! ब्रिगिटे हेल्म म्हणजे 'मेट्रोपोलिस'ची मारिया, आणि गुंडरमान झालेला आल्फ्रेड आबेल म्हणजे त्याच चित्रपटातला शहराचा मालक. दोघंही जर्मनीहून आले, तिथल्या चित्रपट कंपनीचा या चित्रपटात हिस्सा होता. फ्रेंच नटांच्या गर्दीत हे दोघं वेगळ्या हवामानातून आल्यासारखे वाटतात आणि त्याचा फायदाच होतो. साकार आणि सँडॉर्फचा तिच्या घरातला प्रसंग आठवा. शेजारच्या खोलीत जुगार चाललाय, त्याच्या सावल्या छतावर हलतायत, आणि खाली ही दोघं कोचावर. ओढाताण आहे की लगट आहे हे कळू नये अशी. हेल्म मांजरासारखी अंग चोरते आणि अंग टाकते. तिचे चमकते कपडेही त्या प्रसंगात काम करतात.

आणखी एक नाव कुणी घेतलं नाही. साकारचा सचिव माझो झालाय आंतोनँ आर्तो! रंगभूमीचा तो पुढे प्रसिद्ध झालेला माणूस. 'नेपोलियन'मध्ये तो फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मारा झाला होता, ड्रायरच्या 'जोन ऑफ आर्क'मध्ये तरुण भिक्षू. इथे भूमिका लहान आहे, पण त्याचे ते खोल गेलेले डोळे कचेरीच्या गुळगुळीत भिंतींपुढे विसरता येत नाहीत.

---

केतकी_म

@जुना वाचक, तुमची सिगिस्मोंद आणि मायलेकींबद्दलची खंत मला समजते. कादंबरी वाचताना त्यांच्याच पानांवर मीही रेंगाळले. तरी काळबदलाबद्दल मला वेगळं वाटतं.

१९२८ च्या फ्रेंच प्रेक्षकासाठी तिसऱ्या नेपोलियनचा काळ म्हणजे झगे आणि घोडागाड्या. त्याला ते पोशाखी नाटक वाटलं असतं. त्याच्या खिशातली गोष्ट वेगळी होती. महायुद्धानंतर फ्रँक घसरत गेला, १९२४ ते १९२६ मध्ये तर रोज काय होईल याची भीती. १९२६ मध्ये प्वँकारे पंतप्रधान म्हणून परत सत्तेवर आले, घसरण थांबली, आणि जून १९२८ मध्ये फ्रँकची किंमत कायद्याने ठरवून दिली गेली, युद्धाआधीच्या साधारण एक पंचमांशावर. ज्या वर्षी लर्बिए बूर्समध्ये कॅमेरे लावत होता, त्याच वर्षी लोकांच्या आयुष्यभराच्या बचतीचे चार भाग गेले यावर सरकारी शिक्का बसला. हा प्रेक्षक लहान माणूसच होता, तो पडद्यावर कशाला हवा? तो खुर्चीत बसलेला होता.

लर्बिएलाही स्वतःचं भांडण होतं. आधीच्या चित्रपटांत त्याची स्वतःची निर्मितीसंस्था कर्जबाजारी झाली होती आणि मोठ्या निर्मात्यांच्या दारात जावं लागलं होतं. पैशाचा त्याला मनापासून राग होता. तो राग दाखवायला त्याने पाण्यासारखा पैसा खर्च केला, आणि यातली विसंगती त्याची त्यालाही कळत होती.

---

मधुरा पॅरिस

मी इथेच राहते, म्हणून थोडी भर.

बूर्सची इमारत, पॅले ब्रोन्यार, अजून तशीच उभी आहे. नेपोलियनने बांधायला घेतली, १८२६ मध्ये पुरी झाली. चारी बाजूंनी खांब, ग्रीक देवळासारखी. आता आत शेअरबाजार नाही, परिषदा आणि समारंभ होतात. मधल्या दालनात उभं राहून वर पाहिलं की कॅमेरा कुठून खाली आला असेल याचा अंदाज येतो आणि पोटात गोळा येतो.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या प्रसंगाबद्दल. हामलँच्या उड्डाणाची बातमी ऐकायला रात्री प्लास द लोपेरामध्ये जमलेली गर्दी. हा चौक खरोखर दिवे लावून रात्री चित्रित केला गेला. तो आज पाहताना फक्त भव्य वाटतो. पण तेव्हाच्या पॅरिसकरांसाठी ती वर्षभरापूर्वीची ताजी जखम होती.

८ मे १९२७ ला नंजेसेर आणि कोली हे दोन फ्रेंच वैमानिक पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावरून न्यूयॉर्कला निघाले. दोन दिवसांनी 'ला प्रेस' या वृत्तपत्राने ते पोचल्याची बातमी छापली, उतरतानाच्या वर्णनासकट. शहर रस्त्यावर आलं, लोक नाचले. आणि बातमी खोटी होती. ते दोघं कधीच पोचले नाहीत, आजवर त्यांचा नक्की पत्ता लागलेला नाही. संतापलेल्या लोकांनी वृत्तपत्राच्या प्रती फाडून टाकल्या. पुढे अकरा दिवसांतच, २१ मेला, अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग उलट दिशेने येऊन त्याच ल बूर्जेवर उतरला.

आता चित्रपटातली खोटी बातमी बघा. तिथे उलटी आहे, मेल्याची. पण बातमीवर एक शहर कसं हलतं, आणि ते हलत असताना बातमी हातात असलेला एक माणूस शांतपणे शेअर विकत घेऊ शकतो, हे त्या प्रेक्षकाला पटवून द्यायची गरजच नव्हती. त्याने त्या गर्दीत उभं राहून पाहिलं होतं.

---

सह्यकडा

अंगावर काटा आला हे वाचून. हे माहीत नसताना तो प्रसंग पाहणं आणि माहीत असताना पाहणं यात किती फरक पडेल! फोर्टवाला काकांचंही उत्तर आता नीट समजलं. धन्यवाद.

---

अनिकेत_खनिज

तेलाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझा व्यवसाय तोच आहे.

झोलाच्या चांदीच्या खाणीच्या जागी तेल आणणं हे काही सजावट म्हणून केलेलं नाही. महायुद्धात फ्रान्सच्या लक्षात आलं की रणगाडे, विमानं, ट्रक सगळं तेलावर आणि तेल सगळं दुसऱ्यांचं. १९२४ मध्ये सरकारच्या पुढाकाराने कोंपानी फ्रांसेझ दे पेत्रोल ही कंपनी निघाली, आजच्या 'टोटलएनर्जीज'ची पूर्वज. ३१ जुलै १९२८ ला लाल रेषेचा प्रसिद्ध करार झाला. जुन्या ऑटोमन साम्राज्याच्या बऱ्याचशा प्रदेशातलं तेल ब्रिटिश, डच-ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी प्रत्येकी २३.७५ टक्के असं वाटून घेतलं, उरलेले पाच टक्के गुल्बेंकियन या मध्यस्थाला. लगेच सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या अ‍ॅक्नाकॅरी किल्ल्यावर शेल, स्टँडर्ड ऑइल आणि अँग्लो-पर्शियनचे प्रमुख शिकारीच्या निमित्ताने जमले आणि जगाची बाजारपेठ आहे तशी वाटून घ्यायची, भावयुद्ध थांबवायचं असं त्यांनी ठरवलं. दोन्ही गोष्टी याच चित्रपटाच्या वर्षातल्या!

म्हणून गुंडरमान मला फार खरा वाटतो. त्याच्या दालनाच्या भिंतीवर पसरलेला तो अवाढव्य जगाचा नकाशा आठवतो ना? त्याला गयानाचं तेल काढायचं आहे असं कुठेच जाणवत नाही. ते दुसऱ्याने काढू नये एवढंच हवंय. उद्योगातली स्पर्धा पुष्कळदा अशीच असते, आणि नवीन विहीर न खोदली जाण्यातही मोठा पैसा असतो. साकार निदान खोदायला माणूस पाठवतो. लबाडीने का होईना, त्याला काहीतरी उभं राहिलेलं पाहायचंय.

---

जुना वाचक

@अनिकेत_खनिज, हा मुद्दा झोलाचाच आहे, आणि चित्रपटात तो शिल्लक राहिला याचा आनंद आहे. कादंबरीच्या शेवटी कारोलीनला हाच प्रश्न पडतो, की या घाणीतूनच रेल्वे आणि बंदरं उगवत असतील तर पैशाला शिव्या द्यायच्या की त्याला खत म्हणायचं. झोला तिथे बाजू घेत नाही.

एक मात्र कादंबरी वाचणाऱ्यांना सांगून ठेवतो. त्यातला गुंडरमान ज्यू आहे, बँकवाल्या रॉथशिल्डवरून घेतलेला, आणि साकारच्या तोंडी ज्यूंबद्दल विखारी भाषणं आहेत. ती साकारची आहेत, झोलाची नाहीत. कारोलीनच्या तोंडून त्याने उत्तरही दिलंय. तरी आज वाचताना ती पानं जड जातात. सात वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये, याच झोलाने देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफ्यूसच्या बाजूने जाहीर पत्र लिहून स्वतःवर खटला आणि देशत्याग ओढवून घेतला, हे सोबत लक्षात ठेवावं. चित्रपटाने हा वंशाचा भाग बाजूला ठेवून गुंडरमानला केवळ आंतरराष्ट्रीय भांडवलदार केलं. इथे मात्र काळबदलाने भलंच केलं, हे मान्य.

---

रेवा

पण म्हणजे आपल्याला साकार आवडायला लागतो हा दिग्दर्शकाचा दोष की हेतू? त्याने लीनशी जे केलंय ते पाहून तो आवडता कामा नये. आणि तरी पिएर आल्कोव्हेर पडद्यावर आला की दुसऱ्या कुणाकडे बघवत नाही.

---

केतकी_म

@रेवा, हेतू, असं मला वाटतं. चित्रपटातल्या खोल्या बघ. लाझार मीरसन आणि आंद्रे बार्साक यांनी बांधलेले सेट अवाढव्य आहेत, कचेरीच्या दारापासून टेबलापर्यंत चालायलाच वेळ लागतो. त्या रिकाम्या जागेत आल्कोव्हेर सतत हलतो, आणि कॅमेरा त्याच्यामागे, पुढे, खालून, बाजूने जातो. १९२८ साली कॅमेरा हलणं नवीन नव्हतं. पण इथे तो कारण नसतानाही सरकतो. कुणी नुसतं वाक्य बोलत असतं आणि कॅमेरा आपल्या वाटेने निघून जातो. तो अस्वस्थपणा साकारचा आहे, आणि पैशाचा. आबेल मात्र बसलेला असतो. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत निर्णय घेतो. हलणाऱ्या माणसाकडे आपला जीव ओढला जातो, आणि लर्बिएला तेच हवंय. युनिव्हर्सलचे शेअर घेणाऱ्यांनाही साकार आवडलाच होता की.

आणि तुझा लीनबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. तो भाग खरंच पातळ आहे. मेरी ग्लोरीला पटकथेने फार काही दिलेलं नाही.

---

निळावंती

शनिवारी पाहिला! पहिला अर्धा तास नावं आणि नाती लावण्यात गेला, पण विमान उडालं तिथून हलले नाही. मेजवानीचा प्रसंग तर मी दोनदा पाहिला.

दोन प्रश्न. एक, इतका मोठा चित्रपट विसरला कसा गेला? दोन, वेगवेगळ्या ठिकाणी लांबी वेगवेगळी का दिसते? माझी प्रत अडीच तासांच्या थोडी वर होती, एका ठिकाणी तीन तासांहून जास्त लिहिलंय.

---

केतकी_म

@निळावंती, फार आनंद झाला.

लांबीचं आधी. मूकपटांना एकच ठरलेला वेग नव्हता. सेकंदाला किती चित्रं फिरवायची हे प्रक्षेपकावर आणि चित्रपटगृहावर अवलंबून असे, त्यामुळे तीच रिळं एका वेगाने अडीच तास आणि दुसऱ्या वेगाने बरीच जास्त चालतात. शिवाय या चित्रपटाची कापाकापीही झाली. सिनेरोमाँ या निर्मितीसंस्थेचा प्रमुख जाँ सापेन हा 'ल मातँ' या बड्या वृत्तपत्राच्या व्यवस्थापनातला वजनदार माणूस. त्याला चित्रपट लांब वाटला आणि त्याने लर्बिएच्या संमतीवाचून त्यातला बराच भाग काढायला लावला. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पैशावरच्या चित्रपटाचं पैसेवाल्याने हे केलं.

विसरला का गेला? मुख्य कारण बोलपट. 'द जॅझ सिंगर' अमेरिकेत १९२७ मध्ये आला आणि १९२९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये लागला. 'लार्जां' नेमका त्याच सुमारास प्रेक्षकांपुढे होता. वर्षाच्या आत लोकांना मूकपट जुनाट वाटायला लागले. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला आणि चित्रपटातली गोष्ट जगभर खरी झाली, पण तोवर तो कुणी दाखवत नव्हतं. समीक्षकांनीही लर्बिएला 'नुसता सजावटीचा दिग्दर्शक' ठरवून टाकलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा दाखवला जाऊ लागला आणि नोएल बर्च या अभ्यासकाने १९७३ मध्ये लर्बिएवर पुस्तक लिहून कॅमेऱ्याच्या या हालचालीचं महत्त्व मांडलं. लर्बिए तेव्हा हयात होता, १९७९ मध्ये गेला. आपल्या चित्रपटाचा पुनर्जन्म त्याला पाहायला मिळाला.

---

फोर्टवाला

ताई, कॅमेरा दोरावरून खाली कसा सोडला, चाकांवर कसा फिरवला, हे कुठे पाहायला मिळेल का? माझ्या नातवाला छायाचित्रणाची आवड आहे, त्याला दाखवायचंय.

---

केतकी_म

हो काका, मिळेल. त्या वेळी जाँ द्रेव्हिल नावाचा विशी-बाविशीतला मुलगा स्वतःचा कॅमेरा घेऊन चित्रीकरणाच्या जागी फिरत होता. त्याने 'ओतूर द लार्जां' हा लहान माहितीपट केला. त्यात दोरावरचा कॅमेरा आहे, चाकांच्या पाटांवर आडवे झोपून चित्रण करणारे लोक आहेत, दिव्यांच्या रांगा आहेत आणि सूचना देणारा लर्बिए आहे. चित्रपट कसा बनतो हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या माहितीपटांत त्याची गणना होते. पुनर्संचयित प्रतींच्या डीव्हीडीसोबत तो बहुतेक वेळा दिलेला असतो. नातवाला आधी मुख्य चित्रपटातला बूर्सचा प्रसंग दाखवा, मग हा माहितीपट, आणि मग पुन्हा तोच प्रसंग. आवडला तर लर्बिएचाच १९२४ चा 'लिन्युमेन' पुढे पाहता येईल. त्यात प्रयोगशाळेचा सेट चित्रकार फेर्नां लेजेने केलेला आहे. त्यावर सवडीने वेगळा धागा काढते.